धाकटीच्या पिशवीतली पानं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, धंदा रानातला पाला आणि औषधी मुळ्या गोळा करून वाळवणे, विकणे व ते कसं करायचं हे लोकांना शिकवणे, असं लिहून ठेवते की माझं डोकं आज ठिकाणावर आहे. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी सकाळी घरी येऊन तसा दाखला दिला. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या बुटाला चिकटलेल्या गवताचं नावही सांगितलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकतीस वर्षांपूर्वी कोणी माझी मानगूट धरली असती तर बरं झालं असतं, पण तेव्हा कोणी धरली नाही. याआधी केलेली माझी दोन मृत्युपत्रं मी रद्द करते. त्यांत खोटं काही नव्हतं, पण जे लिहायला हवं होतं तेही नव्हतं.

वकीलबाई म्हणतात, एका कलमात एकच विषय घ्या. प्रयत्न करते.

कलम १. माझी वाकडी सुरी, वेताच्या तीन टोपल्या, माळ्यावरच्या वाळवणाच्या जाळ्या आणि चिठ्ठ्या लावलेल्या काचेच्या बरण्या माझ्या विद्यार्थिनीला, शिंपीणबाईला, द्याव्यात. अकरा वर्षं ती माझ्याबरोबर रानात येते. तिचे डोळे सुईच्या नेढ्याला सरावलेले आहेत आणि ती तोडताना बोलत नाही, हे दोन्ही गुण माझ्यात नव्हते. रविवारची फेरी तिनं चालू ठेवावी. नियम तिला पाठ आहेत, तरी कागदावर असावेत म्हणून लिहिते. मूठभर पाला उपटायचा नाही, एकेक पान तोडायचं. तोडताना देठ कुठून निघतो ते बघायचं. रानलसणीचं प्रत्येक पान जमिनीतून आपापल्या देठावर वर येतं. तिच्याच शेजारी, तशाच ओल्या सावलीत, एक विषारी पान वाढतं. त्याची पानं जोडीनं एकाच दांड्याला असतात. आम्ही त्याला फसवं पान म्हणतो. खात्री नसेल तर पान रानातच राहू द्यायचं, चालून चालून पाय तुटले असले तरी. ओळख पक्की असली तरी पहिल्यांदा खाताना थोडंसंच खायचं. प्रत्येक टोपलीतली चार पानं न शिजवता बाजूला ठेवायची, म्हणजे काही झालं तर डॉक्टरांना दाखवता येतात. रस्त्याकडेचं आणि गटाराकाठचं काही तोडायचं नाही. आणि नुसत्या वासावर जायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी तीस वर्षं शिकवलं, पण स्वतः ते कुठे शिकले हे कधी सांगितलं नाही. ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. बाजारातल्या औषधी पावडरवाल्यानं माझा फोटो न विचारता पाकिटावर छापला आणि आत कुठला तरी भुसा भरून सात वर्षं विकला. त्याला काही नाही. तो रडत आला तर त्याला त्याचंच एक पाकीट द्यावं, माझ्याकडे कपाटात आहे.

कलम ३. माझं पितळी दांड्याचं भिंग कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना द्यावं. ते नव्वदीला टेकलेत. ते नसतील तर त्यांच्या मुलीला. वाचनालयाच्या सभागृहात भरल्या लोकांत त्यांनी उठून मला सांगितलं होतं, "बाई, चुरडून वास घ्या हे तुम्ही सगळ्यांत आधी सांगता, ते शेवटी सांगा. दहा पानं तोडल्यावर तुमच्या हातालाच लसणीचा वास लागतो. मग अकरावं पान कुठलंही असो, त्याला लसणीचाच वास येणार." मी म्हटलं, "मास्तर, रान पुस्तकात नसतं." लोक हसले. ते खाली बसले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आणि आज ते आठवलं की कान तापतात. या गोष्टीनंतर बरोबर आठ दिवसांनी पुढची गोष्ट घडली.

कलम ४. माझं दोन खोल्यांचं घर, माळा, अंगण आणि बँकेत असेल ते सगळं माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला द्यावं. तिला सगळे धाकटीच म्हणतात, ती पंच्याहत्तरची झाली तरी. हे मी बहीण म्हणून मायेनं देत नाही. तिचं जे मी नेलं त्याच्या बदल्यात देते, आणि त्यानं भरपाई होत नाही हे मला कळतं.

धाकटीची खाणावळ होती. सहा टेबलं, पुढे काउंटर, मागे लांबट स्वयंपाकघर. जेवायला येणारी माणसं बहुतेक कारखान्यातली. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, टपाल वाटायचे. दिवसाला चारशे पायऱ्या चढतो असं ते सांगायचे आणि जेवणही त्या हिशेबानं करायचे. रानलसणीचा मोसम आला की त्या कोवळ्या पानांचं सूप तिच्याकडे आठवडाभर असायचं. पानं आम्ही दोघी तोडून आणायचो. माझ्याकडे वेताची टोपली, तिच्याकडे निळी कापडी पिशवी.

त्या दिवशी सकाळी मी तोडत होते आणि बोलत होते. मास्तरांना कसं गप्प केलं ते तिला दुसऱ्यांदा सांगत होते. धाकटी वाकून एकेक पान बघत होती, म्हणून तिची पिशवी निम्मीच भरली. मी तिला चिडवलं, "अगं, सोनं वेचतेस की काय?" मी मुठीनं तोडत होते, मूठ नाकाशी नेत होते आणि टोपलीत टाकत होते. प्रत्येक मुठीला लसणीचा वास येत होता. येणारच, कारण तो माझ्या हाताला लागलेला होता.

खाणावळीत आल्यावर धाकटी पुढे गिऱ्हाईक बघायला गेली. मागे पानं धुऊन, चिरून सूप मी केलं. माझ्या टोपलीतली पानं पुरली. थोडी उरलीसुद्धा. तिची पिशवी दारामागच्या खुंटीला होती तशीच होती.

मेहुणे फेरी संपवून आले आणि सगळ्यांच्या आधी दोन वाट्या सूप प्यायले. गिऱ्हाइकांना वाढायच्या आत त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. थोड्या वेळानं छातीत कसंतरी होतंय म्हणून ते जमिनीवरच बसले. धाकटी त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. सूप तसंच ओतून दिलं. तासाभरानं दवाखान्यातून काउंटरवरच्या फोनवर फोन आला, पानं उरली असतील तर लगेच घेऊन या.

मी टोपलीतली उरलेली पानं ओट्यावर पसरली. पहिल्यांदाच नीट बघितली. तीन फसवी पानं होती, दांड्यासकट. मग खुंटीवरची निळी पिशवी काढली आणि तिच्यातलं एकेक पान बघितलं. एकही चुकीचं नव्हतं. सगळी पानं एका बाजूला देठ करून नीट रचलेली होती.

पुढे मी काय केलं ते इथे स्पष्ट लिहिते, म्हणजे कोणाला ते सौम्य करून सांगता येणार नाही. मी माझ्या टोपलीतली पानं तिच्या पिशवीत ओतली, हातानं कालवली आणि पिशवी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पिशवीतून फसवं पान उचललं आणि विचारलं, "ही कोणी तोडली?" धाकटी पिशवीकडे बघत राहिली. ती म्हणाली, "पिशवी माझी आहे." मी म्हणाले, "आधी तिचीच पानं संपवावीत म्हणून सुपाला मी ती घेतली."

त्या पानामुळे डॉक्टरांना योग्य उपचार करता आले आणि मेहुणे वाचले. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की पानं तर मीच नेली ना. नेली, पण दुसऱ्याच्या पिशवीतून नेली.

का केलं, तर पुढच्या रविवारी माझ्या फेरीला पंधरा माणसं येणार होती. वाचनालयानं मला कायमचा वर्ग देऊ केला होता. आणि मास्तरांचं खरं ठरलं असतं. एवढंच कारण. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण सापडलं नाही.

मेहुणे वाचले, पण त्यांचं हृदय अधू झालं. पायऱ्या बंद झाल्या, टपाल खात्यानं त्यांना शिक्के मारायला बसवलं. ते आणखी नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं धाकटीच्या हातचंच जेवले, ताटात काय आहे ते न बघता. बाकीच्यांनी मात्र बघितलं. दोन महिन्यांत सहाच्या सहा टेबलं रिकामी राहायला लागली आणि तिनं खाणावळ विकली. ती परत कधी रानात आली नाही. आमच्या घरीसुद्धा तिनं कधी साधी कोथिंबीर निवडली नाही. "तू निवड गं ताई," म्हणायची, "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही." मी निवडून द्यायचे. ती आभार मानायची. मला याची जेवढी लाज वाटते तेवढी बाकी सगळ्याची मिळून वाटत नाही.

नाही, आणखी एक आहे. ते वेगळ्या कलमात घालते.

कलम ५. माझ्या वर्गात वाटायच्या कागदावर शेवटी एक परिच्छेद आहे: "माझ्या घरातल्याच एका व्यक्तीनं घाईनं, न बघता पानं तोडली आणि एका माणसाचं आयुष्य अधू झालं." तीस वर्षं दरवर्षी हा परिच्छेद मी वाचून दाखवला. वाचताना आवाज खाली आणायचे. लोक गप्प व्हायचे, आणि नंतर रस्त्यात धाकटी दिसली की एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मी ते बघितलेलं आहे. म्हणजे मी तिच्यावर एकदा आळ घेऊन थांबले नाही, त्याचा धडा केला. उरलेले सगळे कागद जाळावेत. नव्या कागदावर शिंपीणबाईनं माझं नाव घालून खरं लिहावं आणि पहिल्या तासाला वाचावं.

कलम ६. हे मृत्युपत्र वकीलबाईंनी, याची अंमलबजावणी करणाऱ्या म्हणून, माझ्यामागे वाचनालयाच्या त्याच सभागृहात मोठ्यानं वाचावं. पावडरवाल्याचं कलमही वगळू नये.

पुरवणी. वरचं सगळं टाइप झाल्यावर वकीलबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुम्ही गेल्यावर वाचायचं. आणि त्या तुमच्याआधी गेल्या तर?"

मी म्हटलं, ती तीन वर्षांनी लहान आहे.

"तुम्ही समोर बसून सांगायचं टाळताय," त्या म्हणाल्या. मी त्यांना फी देते, तरी त्या अशा बोलतात. पण बोलल्या ते खरं होतं. मी मेल्यावर कबूल करायचं ठरवलं होतं, म्हणजे तेव्हा तिच्या डोळ्यांत बघायला मी नसणार. खोटं जसं सोयीनं बोलले, तशीच ही कबुलीही मी सोयीनं करायला निघाले होते. म्हणून आज दुपारी धाकटीला बोलावलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पहिल्या कलमापासून वाचून दाखवलं. वकीलबाई तिथेच होत्या, डॉक्टर साक्षीसाठी परत आले होते. चौथ्या कलमाला मी कागद वकीलबाईंकडे सरकवला, उरलेलं त्यांनी वाचलं.

धाकटी उठली. तिनं कप विसळला, पालथा घातला, पुसला, परत विसळला. मग विचारलं, "म्हणजे माझ्या पिशवीतली पानं बरोबर होती?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. मी एकेक बघितलं होतं."

"मी एकतीस वर्षं रोज ती पानं डोळ्यांसमोर आणून बघते, ताई. कुठलं चुकलं ते शोधते." ती खाली बसली. "ते जाताना मी त्यांचे पाय धरले होते. माफ करा म्हणाले. ते म्हणाले, वेडी आहेस का. ते असेपर्यंत तू खरं सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

 

मग तिनं वकीलबाईंना विचारलं, साक्षीदार कोण आहेत. एक डॉक्टर, त्या म्हणाल्या, दुसरा अजून ठरलेला नाही. धाकटी म्हणाली, "मी सही करते." वकीलबाईंनी समजावलं, की ज्याला मिळायचं असतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर घर आणि बँकेतलं सगळं हातचं जाईल.

"घर घेऊन काय करू? तिथे बसून हिच्या बरण्या पुसू?" धाकटी म्हणाली. "हा कागद सगळ्यांसमोर वाचला जाणार ना? मग त्याच्याखाली माझं नाव पाहिजे." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणत नाहीये. आज तरी नाही. फक्त सही करतेय."

म्हणून कलम ४ मधली देणगी तिच्या सांगण्यावरून रद्द करते. त्या कलमातली हकीकत मात्र राहील. घर, अंगण आणि बँकेतलं शिंपीणबाईला जावं, वर्गासाठी. कलम ६ सुद्धा बदलते. वाचन माझ्यामागे न होता येत्या रविवारी, फेरीच्या आधी होईल. मी स्वतः वाचीन, आणि पुढच्या रांगेत बसायला मास्तरांना रिक्षा पाठवीन.

साक्षीदाराच्या रकान्यात वकीलबाई धाकटीचा धंदा "गृहिणी" असं लिहीत होत्या. तिनं त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तो रकाना स्वतः भरला.

हे सर्व मी वाचून, वाचून दाखवून आणि समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते. त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो, रानलसणीला फुलं आली आहेत.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) गल्लीच्या टोकाचे डॉक्टर. धंदा: वैद्यकी.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) लिहून देणारीची धाकटी बहीण. वय: पंच्याहत्तर. धंदा: खाणावळ.