गाणारी: अज्ञात

ताना नदीकाठ,
१२ नोव्हेंबर २०१४

चि. राउनास,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर मी 'ग्रेटे' लिहिलं आहे, नाहीतर तुझा पोस्टमन ते परत पाठवायचा. आत मात्र राउनाच. नाव मी ठेवलं होतं, मी नाही बदलणार.

इकडे ठीक आहे. नदी काठाकाठाने गोठली, मधे अजून काळं पाणी दिसतं. शेजारच्या मात्तीने घाई करून बर्फावरची स्कूटर त्यात घातली आणि बुडवली. स्वतः निघाला, तोंड तेवढं बंद झालं नाही. रेनडिअरचं मांस वाळत घातलंय. माझा गुडघा आहे तसाच. कॉफीत चीज टाकू नका म्हणतो डॉक्टर. तोही तुमच्या दक्षिणेकडचाच.

तू तब्येत विचारली नव्हतीस, तरी सांगितली.

सुन्नाचीही विचारली नाहीस. तुझी लेक बरी आहे. ग्रंथालयात तिला आता स्वतःची खोली आहे, खिडकीसकट.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या बापाला टेपचं वेड होतं, आठवतं ना? घरी आलेल्या माणसाला कॉफीच्या आधी मायक्रोफोन. तो गेल्यावर त्या टेपा शेडमध्ये जाळ्यांखाली पडून होत्या. सुन्नाने उचलून नेल्या आणि कॉम्प्युटरवर चढवल्या. कसं करतात ते तिने मला बसवून दाखवलं. एकेका गाण्याची एक फाइल. तिच्यासोबत एक चिठ्ठी, कोण गातंय, कुठे, कधी. फाइल आणि चिठ्ठी मिळून एक पाकीट. कागदाचं नव्हे, पण ती पाकीटच म्हणते. अशी पुष्कळ पाकिटं एका गठ्ठ्यात बांधायची आणि गठ्ठा ग्रंथालयाच्या कोठारात ढकलायचा. एका चिठ्ठीत एक रकाना रिकामा राहिला तरी कोठार अख्खा गठ्ठा तोंडावर फेकतं.

मी म्हटलं, "म्हणजे सरकारीच की."

"आजी, तू ऐक आणि फक्त आवाज ओळख," म्हणाली.

एका टेपवर एक बाई योइक म्हणत होती, कोणा एका माणसावर केलेलं आपलं गाणं. दाराआडून घेतलेला, मधेच भांडी वाजतात. तुझ्या बापाने चोरून घेतला असणार. चिठ्ठीत सुन्नाने गाणारीचं नाव लिहून टाकलं होतं, बिरेत. म्हणजे मी. म्हणाली, "यात माझं नाव येतं, आजी. पण तू माझा म्हणून म्हणतेस तो योइक तर निराळा आहे."

आवाज माझ्यासारखाच होता. मी नव्हते. मी त्या दिवसांत बर्फाखाली जाळी लावायला नदीवर असायची. मी म्हटलं, "ती तुझी आई आहे."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाव काय लिहू? राउना की ग्रेटे?" एवढंच विचारलं.

जिवंत माणसाचा आवाज लोकांसाठी खुला करायचा तर त्याची परवानगी लागते. म्हणून तुला ते छापील पत्र आलं, 'आदरणीय महोदया' म्हणणारं. खाली सही सुन्नाची होती. ती तू वाचलीस, कारण उत्तर तू तिला नाही, मला पाठवलंस. आणि तेही नॉर्वेजियनमध्ये.

राउना, मला नॉर्वेजियन वाचता येत नाही. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? वसतिगृहाच्या शाळेत आपली सामी भाषा बोललं की कान पिळायचे, आणि त्यांची शिकवून होण्याआधीच मी पळून आले. घरी आलेला प्रत्येक सरकारी कागद मला तू वाचून दाखवायचीस. मग हे पत्र मला कोण वाचून दाखवेल असं वाटलं तुला? मात्ती?

सुन्नाने वाचलं. माझ्या टेबलाशी बसून, मोठ्याने, रेडिओवर बातम्या देतात तसं. "ओड्वारला आणि मुलांना तिकडचं काहीही ठाऊक नाही. त्या मुलीला सांग, माझं नाव नको आणि माझा आवाज कोणी ऐकायला नको." 'त्या मुलीला' म्हणतानाही ती अडखळली नाही. घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि म्हणाली, "कॉफी गार झाली, आजी. दुसरी टाकू?"

मी म्हटलं, "टाक." दुसरं काय म्हणणार होते?

तुला वाटलं, आवाज तुझा म्हणजे योइक तुझा. ग्रंथालयालाही तसंच वाटत होतं, गाणारा तोच मालक. विसरली असशील तर सांगते. आपल्यात ज्याच्यासाठी केला, योइक त्याचा. करणाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडला की त्याचा हक्क संपला. तू तो पाळण्याशी उभी राहून केलास आणि त्याच हिवाळ्यात दक्षिणेची बस धरलीस. तिच्या अंगावर टाकलेलं पांघरूण तू परत मागशील का?

सुन्ना साहेबाशी भांडली आणि चिठ्ठीत एक रकाना वाढवून घेतला. आता त्यात असं आहे. गाणारी: अज्ञात. योइक कोणाचा: सुन्नाचा. ऐकण्यासाठी: कुलूपबंद, मालकाच्या परवानगीने. नाव नको म्हणालीस, नाव नाही. कोणी ऐकणार नाही. तुझ्या नवऱ्याला, ओड्वारला म्हणावं, निवांत झोप. काल तिने गठ्ठा ढकलला आणि कोठाराने मुकाट्याने घेतला. आत गेलं की कायमचा क्रमांक पडतो, मग चिठ्ठीत कोणी खाडाखोड करत नाही.

उद्या तुलाच तो ऐकावासा वाटला, तर सुन्नाकडे अर्ज करावा लागेल. 'ऐकण्याचं कारण' असा एक रकाना आहे त्यात. विचार करून भर.

हे पुढचं लिहायचं नव्हतं. माझा योइक तिला कधी बसला नाही. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा, बाह्या आखूड. तरी मी म्हणत राहिले, कारण तिच्यापाशी दुसरा होता कुठे? तुझा बसतो. तिचं मान तिरकी करून बघणं, दारात थबकणं, सगळं त्यात आहे, आणि तेव्हा तर तिला धड बसताही येत नव्हतं. मला राग त्याचाच आहे. एवढं बघितलं होतंस, तर मग गेलीस कशी?

स्वतःचा योइक स्वतः म्हणत नसतात, तेवढं तरी आठवत असेल. म्हणून आता तो मी म्हणते. सकाळी ती कामाला निघताना बूट चढवत असते, तेव्हा. संपेपर्यंत एकच बूट घालून उभी राहते.

हे पत्र आपल्या भाषेत आहे. ती लिहायला मी म्हातारपणी शिकले, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुला आता वाचता येत नसेल, तर घरातल्या कोणाकडून तरी वाचून घे. मोठ्याने.

अज्ञात गाणारीची आई,
बिरेत