भाच्याला माझ्याकडे पाठवू नये

मी, यास्रिल, वय चोवीस, मूळचा मनिंजाऊ तळ्याकाठचा, सध्या तांजुंग पिनांग बंदरावर मा तीमाबाईंच्या माडीवर भाड्याने राहणारा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणी भरीस न घालता लिहून ठेवतो की, माझ्या माघारी पुढीलप्रमाणे व्हावे. डोके ठिकाणावर आहे. खानावळीतल्या माझ्या सोबत्याला, मार्लिसला, ते पटत नाही, पण माझ्या डोक्याबद्दल त्याने कधीच बरे म्हटलेले नाही. खोकल्यातून रक्त पडते, म्हणून घाई.

१. घर व शेत. माझे नाही. आमच्यात घर-शेत बायकांकडे जाते. ते आईकडून नूरलैलीताईकडे गेले. मी सातव्या वर्षापासून, आमच्याकडच्या सगळ्या मुलग्यांसारखा, गावच्या नमाजघरात झोपलो, त्यामुळे त्या घरात माझी अशी उशीसुद्धा नाही. तक्रार नाही. उशीबद्दल थोडी आहे.

२. पदवी. लग्न झाले की पुरुषाला पदवी मिळते, मग त्याला कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. माझे झाले नाही. कबरीवर नुसते यास्रिल लिहावे.

३. कात्री. ही पेकानबारूच्या शिंप्याची. त्याने आठ महिने नुसती बटणांची काजे करायला लावली, पँट बेतायला शिकवले नाही, म्हणून निघताना उचलली. त्याला परत करू नये. मार्लिसला द्यावी. खानावळीत एका हातावर बारा बशा पेलायला त्यानेच मला शिकवले. तेवढे एकच मला नीट येते.

४. राग. मामांवरचा. सोळाव्या वर्षी त्यांनी मला बसमध्ये बसवले. परमुलखात जाऊन माणूस व्हावे, ही आमची रीत. तिथे करायचे काय, असे विचारले तर म्हणाले, "गेल्यावर कळतं." आठ वर्षांत पाच गावे झाली, सात धंदे झाले, मला कळलेले नाही. इतरांना कळलेले दिसते. ते कुठे शिकतात, हे विचारायचीही आता लाज वाटते. हा राग कुणाला देऊ नये, माझ्याबरोबर मातीत जाऊ द्यावा.

५. घड्याळ व कोट. माझे नव्हेत. परमुलखातून हात हलवत परतता येत नाही, म्हणून गेल्या ईदला मार्लिसचे घड्याळ आणि भाड्याचा कोट घालून गावी गेलो. कापडाचे दुकान टाकले म्हणून सांगितले. ताईने सगळ्या आळीला जेवू घातले. तिचा रिफ्दी, तेरा वर्षांचा, घड्याळ कानाला लावून बसला होता. आता ताईचे पत्र आले आहे : भाच्याला वळण लावणे मामाचे काम, रोजे लागायच्या आत त्याला तुझ्या दुकानात पाठवते.

६. दुकान नाही. रिफ्दीला देण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. त्याला पाठवू नये. शाळेत ठेवावे, जायचेच झाले तर आधी एखाद्या कामावर त्याचा हात बसू द्यावा. लोक हसले तर हसू द्यावे.

इथवर वाचून मार्लिस म्हणाला, "हे तू मेल्यावर उघडणार. तोवर पोरगा धक्क्यावर उतरून दुकान विचारत फिरेल ना, शहाण्या."

मी म्हणालो, जिवंतपणी ताईला कुठल्या तोंडाने सांगू?

"तोंड कशाला लागतंय? कागद जातोय."

७. सबब, हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू समजावे. मूळ प्रत दुपारच्या बोटीने ताईकडे जात आहे. ताई, मामांसमोर मोठ्याने वाच. पाचवे कलम गाळू नकोस.

सही : यास्रिल
साक्षीदार : मार्लिस (सही), मा तीमा (अंगठा)
तांजुंग पिनांग, १४ एप्रिल १९८६