प्रार्थनेतून सुटलेला माणूस

प्रिय शिंपीणबाई,

गेल्या सोमवारी उजाडताना मी नेहमीसारखा डेकच्या पुढच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो, टोपी काढली, हात जोडले, आणि प्रार्थना मध्येच अडली. माझी प्रार्थना काही मोठी नसते. लढाई सुरू झाल्यापासून देवाकडे रोज एकच मागत आलो आहे, की या जहाजावरच्या सगळ्यांना सुखरूप घरी पोचव. मागताना एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो, म्हणजे कुणी सुटायला नको. त्या सकाळी कप्तान झाले, आचारी झाला, भट्टीवाला झाला, आणि मग ध्यानात आलं की यात मी स्वतः कधी नव्हतोच. बाकीच्यांना घरी पोचवून झालं की मी आपला जहाजावरच उरत होतो, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं. हे त्याच दिवशी का सुचलं, ते सांगायचं तर आधी तुझ्या पत्राचं काय झालं ते सांगायला हवं. हातात कात्री असेल तर खाली ठेव आणि मग वाच.

तुझी पत्रं आमच्याकडे जेवण झाल्यावर मोठ्याने वाचली जातात, हे तुला माहीत आहे. तूच परवानगी दिलीस, आणि वर भट्टीवाल्यासाठी दोन ओळी वेगळ्या लिहू लागलीस. दिवसभर इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढणारा तो माणूस तुझ्या त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचायला लावतो. त्याचं गाव लढाईच्या पलीकडे अडकलं, तिकडून डाक येत नाही, म्हणून तुझं घर हेच त्याचं घर झालं. तुझ्या मशीनचा पट्टा तुटला तेव्हा माझ्याआधी तो हळहळला. तुझे घड्याळजी वडील तर सगळ्यांचे लाडके. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की म्हातारबुवांना काही ऐकू येत नाही, पण आतल्या खोलीत कपबशी वाजलेली बरोबर ऐकू येते, हे वाचलं तेव्हा आचारी हसून हसून बाकावरून घसरला.

खासगी पान तू नेहमी शेवटी, वेगळी घडी घालून ठेवतेस. ती घडी दिसली की मी पत्र खिशात घालतो आणि मंडळी खोकत खोकत उठतात. या खेपेला मात्र पत्रं तपासणाऱ्या साहेबाने पाकीट उघडून सगळी पानं नीट सरळ करून ठेवली होती. तुझं शेवटचं पान मधोमध गेलेलं. चौकातलं घड्याळ दुरुस्त करायला म्हातारबुवा शिडीवर चढले आहेत, खालून तू ओरडते आहेस, इकडे सगळे हसताहेत, मी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचून गेलो: "लढाई संपल्यावर तू दुसऱ्या जहाजावर चढणार असशील तर तसं लिही. मी रागावणार नाही. पण दाराशी तुझ्या कोटासाठी खुंटी ठोकायची की नाही, एवढं मला कळू दे. पुन्हा विचारणार नाही."

मी घाईघाईने पान घडी घालून खिशात कोंबलं. माझे कान तापले. शेवटी भट्टीवाला म्हणाला, "गड्या, आम्हाला कुणी असं विचारलं असतं, तर आम्ही पोहत गेलो असतो."

दुसऱ्या दिवसापासून छळ सुरू झाला. आचारी ताटात वाढताना खुंटीची चौकशी करायचा. दोर ओढताना एकजण हातोडी उसनी देतो म्हणाला. मी हसण्यावारी नेत होतो, पण उत्तर सुचत नव्हतं, कारण त्यांना न कळलेली एक गोष्ट माझ्या पोटात होती. तह झाल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी कप्तानांनी मला बोलावून नव्या जहाजावर सारंगाची जागा देऊ केली होती. सगळ्या खलाशांचा मुकादम! ज्या जागेकडे पोरवयापासून मान वर करून पाहिलं, ती आपणहून खाली आलेली. आणि खरं सांगू, मला जमिनीची भीतीही वाटत होती. रजेवर आलो तेव्हा तुझी कपडे वाळत घालायची दोरी अशी बांधून दिली, की म्हातारबुवांना ती शेवटी कापावी लागली. तुम्हा दोघांच्या हातांना दिवसभर काम आहे. माझे हात तिथे काय करतील, या विचाराने झोप लागत नव्हती.

तर सोमवारची सकाळ. मी पुन्हा हात जोडले आणि म्हणालो, देवा, मलाही घरी पोचव. असं मागताना पूर्वी डोळ्यांपुढे काहीच आलं नसतं. या वेळी तुझा अरुंद जिना आला, मशीनची घरघर आली, खिडकीशी भिंग लावून बसलेले म्हातारबुवा आले. देवाने एवढं स्पष्ट दाखवल्यावर आणखी काय विचारायचं? न्याहारीची घंटा व्हायच्या आधी मी कप्तानांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, ही जागा पुन्हा मिळायची नाही. ठाऊक आहे, म्हटलं. त्यांनी नव्या जहाजाच्या यादीतून माझं नाव खोडलं आणि उठून हात मिळवला.

भट्टीवाला काल आपल्या गावाकडे निघाला. त्याने तुझा पत्ता लिहून घेतला आहे, तेव्हा दोन ओळींची सवय मोडू नकोस. मी उद्या उतारूंच्या बोटीवर चढतो आहे. दोर दुसरेच कुणी ओढतील आणि मी ट्रंकेवर बसून बघेन. बोट संथ आहे, हे पत्र विमानाने जाईल, म्हणून आधी पोचेल. ते याचसाठी लिहिलं. तू विचारलंस त्याचं उत्तर तुला माझ्या तोंडाकडे बघून ओळखावं लागू नये, ते आधी हातात पडावं. गावच्या शाळेत मास्तर नुसतं 'होय' किंवा 'नाही' लिहिलं की गुण कापायचे. उत्तर पूर्ण वाक्यात हवं असायचं. म्हणून पूर्ण लिहितो. मी आता दुसऱ्या कुठल्याही जहाजावर चढणार नाही, मी तुझ्याजवळ राहायला घरी येतो आहे.

तुझाच,
उतारू