हादग्याची फुलं निवडून ठेवलीत

रेबेका सूनबाई,

शाळेतून आल्यावर हादगा बोडका दिसला म्हणून कुणाच्या नावानं ओरडू नकोस. सगळी फुलं मीच तोडली. बियाला राखलेली फांदीबी सोडली न्हाई.

धाकटा थॉमस नगरच्या दवाखान्यातून निरोप घेऊन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विल्सनला आता मन मागंल ते खाऊ घाला. दोन महिने मी त्यांच्याशी भांडले, की माझं लेकरू पेजेवर जगायचं न्हाई, त्याला हादग्याच्या फुलांची भाजी द्या. तवा आतड्याला सोसणार न्हाई म्हणायच्या. आज हो म्हणाल्या, तवाच मी काय ते समजले. थॉमसला वाटलं, म्हातारी खूश हुईल. येडा हाय.

शाळेत येऊन पोरांपुढं तुला सांगवंना. मी दुपारच्या मोटारीनं पुढं जाते.

फुलं टोपलीत ओल्या फडक्याखाली हायेत. मधला कडू दांडा काढलाय. परत निवडू नकोस, माझं निवडणं तुझ्यासारखं अर्धवट नसतं. कढई चढवली हुती, पण मिठाला हात घातला आन किती घालायचं तेच सुचंना. इतकी वर्षं चूल सांभाळली, असं कधी झालं न्हाई. तवा भाजी तूच कर. कांदा जास्त घाल. त्याला तुझ्या हातची तशीच आवडती, मला ठाऊक हाय.

थॉमस तुला सांजच्या मोटारीत बसवून देईल. रडायचं ते वाटंतच रडून घे, मीबी तेच करते. खाटंपाशी मी मिठावरून तुला बोलंन. तूबी उलट बोल. गप बसलीस तर त्याला कळंल.