तीस टक्क्यांची बेवडी

प्रिय जोलीन,

तुझा निरोप मिळाला. शनिवारी तू आणि तुझा नवरा डेरेक विजेवर चालणारी नवी गाडी माझ्या दारात आणून उभी करणार आणि आमची जुनी लाल गाडी भंगारात घालणार. लगेच उत्तर लिहायला हवं होतं, पण हल्ली जेवण झालं की पेन धरायचंही त्राण उरत नाही.

गाडी बंद पडली हे खरं. ऑरिनच्या गॅरेजात पडून आहे, टाकीतला इंधनाचा पंप गेलाय. तू म्हणशील, 'बाबा, साध्या पेट्रोलच्या गाडीला तीस टक्के इथेनॉल पाजल्यावर दुसरं काय होणार?' डेरेकही तेच म्हणेल, फक्त जरा गोड बोलून. अगं, दहा टक्क्यांच्या वर नको असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, ते मलाही वाचता येतं. पण गावात इथेनॉलचा कारखाना निघाला, आपलाच मका तिथं जायला लागला, मग सोसायटीच्या पंपावर चारचौघांत साधं पेट्रोल कुठल्या तोंडानं भरायचं? तेव्हापासून तीस टक्केच. मधूनच पिवळा दिवा लागायचा, कडाक्याच्या थंडीत कुरकुरायची, एका टाकीत मैलही कमी पडायचे. पण चालली बिचारी. ऑरिन म्हणतो, 'काका, दोष तुमच्या मक्याचा की बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा, देव जाणे. गंजलीय ती. आणि तुम्ही तरी कुठं नवे राहिलात?' मेला!

आईची चेष्टा आठवते ना? चर्चच्या दारात गाडीकडे बोट दाखवून शेजारणींना सांगायची, 'आमच्या घरात दारूचा थेंब नाही हो, पण ही बेवडी बघा, रोज तीस टक्के टाकून येते!' आणि आपणच सगळ्यांच्या आधी हसायची.

आता तिचा वृद्धाश्रम पलीकडच्या गावात, म्हणजे गाडीशिवाय माझं पान हलत नाही. रोज तिच्या खिडकीखाली गाडी लावतो, हॉर्न देतो, आत जाऊन तिला सूप भरवतो, केस विंचरतो आणि परततो. थकलोय गं, खोटं कशाला बोलू? तुमच्या गाडीत म्हणे बसायची जागासुद्धा गरम होते. माझ्या गुडघ्यांना ती हवीच आहे.

पण काल ऑरिनच्या ट्रकमधून गेलो. आई खिडकीशी उभी होती. मी आत जाऊन टोपी काढली, तर मला म्हणाली, 'बसा ना. वाटेत आमची बेवडी दिसली का हो? आमचे हे यायचेत तिच्यातून.' जोलीन, माझा चेहरा ती कधीचीच विसरलीय. तुला सांगवलं नाही. रोज ती खिडकीतून लाल गाडी बघते, 'आले आमचे हे' म्हणते, आणि मग दारातून जो म्हातारा आत येतो त्याला नवरा मानते. काल मी शेजारी बसलो होतो आणि ती अंधार पडेपर्यंत माझी वाट बघत होती. तेव्हा नवी गाडी राहू दे. तुमच्या शहरातल्या भंगारवाल्यांकडे आमच्या गाडीचा पंप मिळतो का बघ म्हणावं डेरेकला. शनिवारी येताना तेवढाच आणा.

तुझाच,
गाडीवरून ओळखला जाणारा बाबा