बेरार्दिनाताईचं कुंपण

रोक्काव्हेर्दे, ४ जून

चि. चेसिदिओ यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, कोंबड्या बऱ्या नाहीत. सोमवारी उजाडता उजाडता अस्वल आलं. खुराड्याचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं, अकरातल्या सहा फस्त केल्या आणि चेरीच्या झाडाखाली आरामात बसलं. मी खिडकीतून झाडू दाखवला, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याच्या जेवणात लुडबूड करतेय. शेजारचा पान्फिलो कुंपणापलीकडून ओरडला, की कायदा अस्वलाला वाचवतो, तुला नाही, तेव्हा मुकाट्याने आत जा.

आता तू म्हणशील, बघ, मी सांगत होतो. ईस्टरला आलास तेव्हाही तुझं तेच टुमणं होतं, की या वयात डोंगरात एकटी काय करतेस, तोरिनोला माझ्याकडे राहायला ये. तर ऐक. अभयारण्याची माणसं विजेच्या कुंपणाचं सामान देऊन गेलीत. तार, खांब, बॅटरीची पेटी आणि मुंगीएवढ्या अक्षरांचा एक कागद. तू चाळीस वर्षं कारखान्यात विजेचं काम केलंस, तेव्हा कसं लावायचं ते नीट लिहून पाठव. नोव्हेंबरात सान मार्तीनोच्या सणाला नवी वाइन उघडेपर्यंत उरलेल्या पाचही जगल्या, तर तू तोरिनोचं नाव पुन्हा काढायचं नाही. एक जरी गेली तर मी गाठोडं बांधून तुझ्याकडे येते, मग बस मला सांभाळत.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसता ओरडतोस आणि मला काही कळत नाही.

कळावे. माझ्यावर आहे तो लोभ पाच कोंबड्यांवरही असू दे.

तुझी ताई,
बेरार्दिना


तोरिनो, ११ जून

ती. बेरार्दिनाताईस शि. सा. न. वि. वि.

पैज कबूल. तुझ्या खोलीला रंग द्यायला मी आजच माणूस सांगतो.

आता कामाचं. तीन तारा लाव. पहिली जमिनीपासून वीतभर, ती कोल्ह्यासाठी. दुसरी गुडघ्याएवढी, तिसरी कमरेएवढी, म्हणजे अस्वलाचा मान राहील. तारेखालचं गवत कापत जा. गवत टेकलं की वीज त्यातूनच जमिनीत पळते. अंगावरच्या केसांतून झटका बसत नाही, नाक लागलं पाहिजे, म्हणून तारेला वासाचं काहीतरी बांधून ठेव. पेटीची एक वायर तारेला जाते आणि दुसरी लोखंडी सळईला. ती सळई स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, वळचणीखाली जमिनीत ठोक. तिथे येता-जाता पायात येणार नाही.

पेटी चालू असताना तारेला हात लावू नकोस. हे तुला दोनदा लिहायला हवं, कारण एकदा सांगितलेलं तू कधी ऐकलं नाहीस.

कळावे, लोभ आहेच. पैज हरल्यावर तो दुप्पट होईल.

तुझा,
चेसिदिओ


रोक्काव्हेर्दे, २ जुलै

चि. चेसिदिओ यास अनेक आशीर्वाद.

अरे बाबा, तुझी वीज आहे कुठे? पान्फिलोने आणि मी दोन दिवस राबून कुंपण उभं केलं. गवत मी स्वतः विळ्याने कापते. खारवलेल्या डुकराच्या मांसाची साल तारेला तीन ठिकाणी बांधली. पेटी टिक टिक करते. आणि पान्फिलो रोज सकाळी येऊन तारेला हात लावतो आणि सांगतो, की माशी बसल्यासारखं वाटलं. काल म्हणाला, आज मोठी माशी होती.

परवा पहाटे कोल्हा आला. तारेला नाक लावलं, एकदा शिंकला आणि साल चाटायला लागला! मी चप्पल फेकली, ती त्याच्या ढुंगणावर बसली, तेव्हा कुठे पळाला. पाचही शाबूत आहेत, पण माझ्या चपलेच्या जिवावर. महिनाभर पावसाचा थेंब नाही, अंगणात भेगा पडल्यात, मला तर रात्री धड झोप नाही. काय चुकतंय ते नीट विचार करून लिही. थट्टा नको. या घरातून उठून जायची मला भीती वाटते, हे तुला खरं सांगते.

कळावे. लोभ नंतर वाढव, आधी वीज वाढव.

बेरार्दिना


तोरिनो, ९ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बॅटरी भरून घे. वायरींचे जोड घासून घट्ट कर. एवढं करूनही नाही चाललं तर पेटीच जुनी असेल, त्याला तू काय करणार. जिवाचा आटापिटा करू नकोस.

तुझ्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. खिडकीतून डोंगर दिसतात, तुझ्या डोंगरांएवढे नाहीत, पण आहेत. बाल्कनीत तुळशीच्या कुंड्या ठेवल्या आहेत, इथे सॉसला लागते म्हणून. खालच्या बाजारात कोंबडी मिळते, सोललेली आणि शांत.

कळावे, लोभाची काळजी नसावी.

चेसिदिओ


रोक्काव्हेर्दे, २ ऑगस्ट

चि. चेसिदिओ यास अनेक आशीर्वाद.

बस आणि वाच. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी पान्फिलो माझ्याकडे जेवला. जेवण झाल्यावर नेहमीच्या ऐटीत तारेला हात लावायला गेला आणि उताणा टोमॅटोच्या वाफ्यात! टोपी एकीकडे, कवळी दुसरीकडे. त्याच्या तोंडून असे शब्द निघाले, की कोंबड्यासुद्धा आत गेल्या. मी हसून हसून पायरीवर बसले. सोमवारी त्याने भीत भीत एक बोट लावलं, तर पुन्हा माशी. पुढच्या रविवारी कुणाची हिंमत होईना, म्हणून मी गवताची ओली काडी धरून तारेला टेकवली. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

सोमवारी मेलेली वीज रविवारी जिवंत कशी होते? पान्फिलो म्हणाला, देवाचा वार आहे. मी म्हटलं, देवाला माझ्या पाच कोंबड्यांपलीकडे कामं आहेत. भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. आठवडाभर मी चिमणीएवढं खाते, वाल आणि पाव. पास्ता फक्त रविवारी, पान्फिलोसाठी, मोठ्या पातेल्यात. आणि त्याचं मीठपाणी मी आई ओतायची तसंच स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली ओतते. खिडकीखाली काय आहे? तुझी सळई! वळचणीखालची ती माती वर्षभर कोरडी ठणठणीत. ती भिजली की वीज चावते.

आता मी रोज पास्ता करते. कोंबड्या सुरक्षित आहेत, माझे घागरे मात्र घट्ट झालेत.

एक विचारायचं राहिलं. हे मला पातेलं घासताना कळलं. तुला चाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं का?

कळावे. लोभ आहे, उत्तराची वाट बघतोय.

बेरार्दिना


तोरिनो, ३ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

महिनाभर कागद पुढे घेऊन बसतोय. चार पत्रं फाडली.

मला माहीत होतं. झटका प्राण्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून सळईकडे परत यायला लागतो, आणि कोरडी माती त्याला वाट देत नाही. हे शिकाऊ पोऱ्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. वळचणीखाली ठोक असं लिहिलं ते जाणूनबुजून. पत्र लगेच टपालपेटीत टाकलं, मन बदलायच्या आत.

ग्रात्सिएला गेल्याला तीन वर्षं झाली, बायकोमागे घरात बोलायला कुणी नाही. जिन्यात लोक नमस्कार करतात, तेवढंच दिवसाचं बोलणं. तू माझ्या सांगण्याने येणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून वाटलं, कोल्हाच तुला घेऊन येईल. तू घाबरून जागत होतीस आणि मी इथे भिंतीला पिवळा रंग लावून घेत होतो. मला माझीच लाज वाटते, ताई.

सळई उपटून धुण्याच्या हौदाजवळ ठोक, तिथे माती कायम ओली असते. रोज पास्ता खाऊ नकोस, तुझ्या रक्तदाबाला मीठ चांगलं नाही.

लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

चेसिदिओ


रोक्काव्हेर्दे, २५ सप्टेंबर

चि. चेसिदिओ यास आशीर्वाद. अनेक नाहीत, मोजके.

सळई हौदाजवळ हलवली आणि बरं झालं, कारण मंगळवारी फटफटीत उजाडलेलं असताना अस्वल आलं. तेच, डाव्या कानाला चीर असलेलं. थेट सालीकडे गेलं, नाक पुढे केलं आणि असं किंचाळलं, की खालच्या आळीतली माणसं दारात आली. मग वळलं आणि चेरीचं झाड, दगडी बांध, ओढा सगळं एका दमात ओलांडून डोंगर चढून गेलं. पान्फिलोने टोपी काढून त्याला सलाम केला. म्हणाला, माझ्या दुःखात आता जोडीदार मिळाला. पाचही कोंबड्या जिवंत आहेत. एकीने तर त्याच गडबडीत अंडं घातलं.

सान मार्तीनोला अजून दीड महिना आहे, पण आता ते अस्वल इकडे फिरकणार नाही आणि कोल्ह्यानेही धसका घेतलाय. मी जिंकले. तोरिनोला येणार नाही.

आता तुझं. तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले, की तीन दिवस तुझ्या नावाने भांडी आपटली. लबाडी केलीस, सख्ख्या बहिणीशी, आणि तीही पोस्टाने! समोर असतास तर कान पिळला असता. आणि मग चौथ्या दिवशी रडले. तू एवढा एकटा पडलायस आणि मला काय कळवत होतास, तर भिंतीचा रंग. मीही कमी नाही. दर पत्रात तुझी टर उडवली, पण तुझं घर किती सुनं झालंय हे एका ओळीने विचारलं नाही.

मी हरले तर काय करायचं ते आपण ठरवलं होतं. तू हरलास तर काय, ते ठरवायचं राहिलं. तर आता ठरवते. ती पिवळी खोली कुणालातरी भाड्याने दे आणि इकडे ये. हरलास म्हणून ये असं म्हणत नाही. तू मला हवा आहेस म्हणून ये. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी, ग्रात्सिएलाला पोचवून आलो त्या दिवशीच तुझ्या दारात म्हणायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. तुला कोल्ह्याची मदत लागली, मला अस्वलाची. दोघंही एकाच आईची.

शनिवारची बस चौकात साडेअकराला येते. मी तिथे उभी असेन.

कळावे. लोभ आता पत्रातून पुरे, समोर बसून असावा.

तुझी ताई,
बेरार्दिना