शाळेमागचा व्हॉल्व्ह

प्रिय चिमणे,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रागात आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पालिकेने पाणीपुरवठा तुमच्या कंपनीला भागीदारीत चालवायला दिला आणि तू तिथे इंजिनिअर म्हणून लागलीस, तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. चावीवाल्याची पोर साहेब झाली! बत्तीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी टाकून मी या शहराचं पाणी सोडलं, बंद केलं. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरतो, ते वहीत लिहून ठेवलं. निवृत्त झालो तेव्हा ती वही तुझ्याच हातात दिली. तीन दिवसांनी परत केलीस, आता सगळं स्क्रीनवर दिसतं म्हणालीस. मी हसून कपाटात ठेवली.

शाळेमागचा व्हॉल्व्ह तुला आठवत नाही, हे मला पटत नाही. नऊ वर्षांची होतीस. माझा अर्धा डबा संपवून चावीला लोंबकळायचीस. बाकी सगळे उजवीकडे बंद होतात, हा एकटा डावीकडे, म्हणून त्याचं नाव तू आडमुठा ठेवलंस. त्याच्यापुढचा जुना पाइप नाल्यातून जातो, फुटका आहे, म्हणून तो कायम बंद ठेवायचा. तुमच्या माणसांनी नीट बंद व्हावा म्हणून तो उजवीकडे आवळला, म्हणजे उघडला. महिनाभर नाल्याची घाण खालच्या गल्लीच्या नळांना येत राहिली. शिंपीणबाईची सून सात महिन्यांची गरोदर होती. काविळीने गेली. तुझे शाळेचे फ्रॉक त्याच बाईने शिवले होते.

काल तुमचा अहवाल वाचला. जुन्या चावीवाल्याने माहिती दिली नाही, असं लिहिलंय, आणि खाली तुझी सही. पाइप पालिकेचे, बिल कंपनीचं आणि चूक म्हाताऱ्याची, झकास भागीदारी आहे! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण दोर पोटची पोर वळेल असं वाटलं नव्हतं.

बदनामी मी गिळलीही असती. पण शिंपीणबाई दारात येऊन विचारून गेली, तुम्हाला ठाऊक होतं का म्हणून. ती गेल्यावर वही काढली. सतराव्या पानावर नोंद आहे, पण अक्षर माझं नाही. माझे हात ओले होते म्हणून तू लिहिलं होतंस, मोठ्या गोल अक्षरात: आडमुठा डावीकडे बंद होतो, उजवीकडे फिरवू नये. सोमवारी अकराला पालिकेत चौकशी आहे, वही घेऊन मी जाणार. तू आधी येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, तर ती पिशवीतच राहील. साडेदहापासून फाटकाशी उभा असेन. नाही आलीस, तर सतरावं पान उघडून देईन. त्या नोंदीखालीही तू ऐटीत सही ठोकली आहेस.

अजूनही तुझाच,
बाबा